वाचक विचारतात: घरी शिकणाऱ्या पोरांना कॉम्प्युटर आतून कसा चालतो ते कसं शिकवायचं?

मागच्या अंकात आपण मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणाऱ्या पालकांबद्दल लिहिलं होतं, त्यावर सोलापुरातून जे प्रश्न आले त्यातले बरेच कॉम्प्युटरबद्दल होते, आणि जवळपास सगळ्यांची तक्रार एकच, की पोरांना कॉम्प्युटर वापरता येतो पण तो चालतो कसा हे ना पोरांना सांगता येत ना आम्हाला. म्हणून ह्या वेळचं सगळं सदर त्यालाच देतोय. माझं मत आधीच सांगतो, हा विषय व्हिडिओ बघून किंवा भागांची नावं पाठ करून येत नाही, हाताने करून बघायला लागतं, आणि प्रत्येक वेळी करायच्या आधी पोराला विचारायचं की आता काय होईल सांग बघू. त्याचा अंदाज चुकला तर ओरडू नका, का चुकला ते दोघं मिळून शोधा. खालची सगळी उत्तरं ह्याच पद्धतीने दिलीयेत.

प्रश्न: नमस्कार सर. माझा मुलगा ११ वर्षांचा आहे, दुसरीनंतर आम्ही त्याला घरीच शिकवतो. मी बीए मराठी, कॉम्प्युटरमधलं मला टायपिंगच्या पुढे काही येत नाही. परवा तो विचारत होता की आई मी क दाबलं हे ह्याला कसं कळतं, मला काही सांगता येईना झालं. क्लासला चौकशी केली तर तिथे वर्ड एक्सेल पॉवरपॉइंट शिकवतात म्हणे. सुरुवात कुठून करू? (एक आई, जुळे सोलापूर)

ताई, त्याने जो प्रश्न विचारलाय ना तिथूनच करा, दुसरा सिलॅबस शोधत बसू नका. वर्ड एक्सेल येणं चांगलंच आहे, कधीतरी शिकवाच, पण त्याने तुमच्या मुलाला उत्तर मिळणार नाही.

आधी असं करा. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठी कीबोर्ड चालू करा, विंडोजमध्ये नेहमीचा मराठी कीबोर्ड असतो तो इनस्क्रिप्ट पद्धतीचा. नोटपॅड उघडा, भाषा इंग्रजी ठेवा आणि के छापलेलं बटण दाबायला सांगा, के उमटेल. आता भाषा मराठी करा आणि तेच बटण दाबायच्या आधी विचारा, काय येईल? दाबलं की क येतो. बटण तेच, बोट तेच, मग अक्षर का बदललं? ह्यावर त्याला जरा डोकं लावू दे, लगेच सांगून टाकू नका.

खरं काय आहे तर कीबोर्डला अक्षर माहीतच नसतं. आत आडव्या उभ्या तारांची जाळी असते, बटण दाबलं की एक आडवी आणि एक उभी तार एकमेकींना जोडली जाते, कीबोर्डमधली बारकी चिप ही जाळी सारखी तपासत असते आणि कुठली जोडी जुळली त्यावरून त्या बटणाचा नंबर पुढे पाठवते. त्या नंबरचं अक्षर कुठलं करायचं ते विंडोज ठरवतं, तुम्ही कुठली भाषा निवडलीय ते बघून. आणि ते अक्षर पण आत परत नंबर म्हणूनच राहतं. जगातल्या सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना नंबर वाटून दिलेत, त्याला युनिकोड म्हणतात, त्यात आपल्या क चा नंबर २३२५ आहे. शेवटी फॉन्टमध्ये २३२५ च्या समोर जो आकार काढून ठेवलाय तो स्क्रीनवर ठिपक्यांनी रंगवला जातो.

मग तो विचारेल की २३२५ तरी आत कसं लिहितात, तिथे शून्य-एक येतं. पुस्तकात नुसतं लिहिलेलं असतं की कॉम्प्युटरला फक्त ० आणि १ कळतं, पण का, हे कुणी सांगत नाही आणि पोरांना नेमकं तेच पाहिजे असतं. कारण सोपं आहे. वायरमधलं व्होल्टेज मोजून दहा वेगवेगळ्या पातळ्या ओळखायच्या ठरवल्या तर जरा काही वरखाली झालं की ७ चा ८ होऊन बसेल, दोनच पातळ्या ठेवल्या, जास्त आणि कमी, तर मधे इतकी जागा राहते की गफलत व्हायला वावच उरत नाही. जुन्या लग्नपत्रिकांचे १२ तुकडे करा, उजवीकडून १, २, ४, ८ असं दुप्पट करत शेवटच्यावर २०४८ येईपर्यंत लिहा. सगळे ओळीने मांडा आणि मुलाला सांगा की काही उताणे ठेव, काही पालथे, उताण्यांची बेरीज २३२५ आली पाहिजे. २०४८, २५६, १६, ४ आणि १ हे पाच उताणे, बाकी सात पालथे, दुसरा मार्गच नाही. उताण्याला १ आणि पालथ्याला ० लिहिलं की १००१०००१०१०१, हाच तुमचा क.

अजून एक. नोटपॅडमध्ये फक्त सोलापूर एवढंच लिहा, पुढे स्पेस नको एंटर नको, सेव्ह करताना खाली एन्कोडिंग, म्हणजे हे नंबर साठवायची पद्धत, यूटीएफ-८ आहे ना ते बघा, मग फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये साईझ बघा. २१ बाइट (एक बाइट म्हणजे आठ शून्य-एकांचा गठ्ठा). आता इंग्रजी स्पेलिंगने सोलापूर लिहून दुसरी फाइल करा, ती ७ बाइट. इंग्रजीत सात अक्षरं आहेत आणि प्रत्येकाला एक बाइट लागतो. मराठीत स, ओ ची मात्रा, ल, काना, प, ऊकार आणि र अशी चिन्हं पण सातच, पण ह्या पद्धतीत देवनागरीच्या एकेका चिन्हाला तीन बाइट लागतात, सात त्रिक एकवीस. (जुन्या विंडोजवर १० आणि २४ दिसले तर गोंधळू नका, ती विंडोज फाइलच्या सुरुवातीला तीन बाइटची एक खूण स्वतःहून टाकते.) मग त्याला स्वतःच्या नावाचे बाइट आधी कागदावर काढायला लावा आणि नंतर फाइल करून ताडून बघू दे. जोडाक्षर असेल तर मधला पायमोड पण एक चिन्ह धरायचं, तिथेच बहुतेक पोरं अडकतात आणि तिथेच त्यांना मजा येते.

प्रश्न: सर मी जेकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर काम करतो, शिक्षण नववीपर्यंत. मुलगी १३ वर्षांची, तब्येतीमुळं शाळा सुटली, आता घरीच अभ्यास करती. घरात आम्ही तेलुगू बोलतो, तिचा अभ्यास मराठीत. तिला कॉम्प्युटरचं लई वेड आहे पण मी तिला काय शिकवणार, मला त्यातलं काय कळतंय? (एक वडील, पूर्वभाग)

दादा, तुम्हाला जे कळतंय ते भल्याभल्या कॉम्प्युटरच्या मास्तरांना माहीत नसतं. तुमच्या कारखान्यात अजून कार्डावरचा माग चालत असेल तर मालकांना विचारून तिला एकदा तिथे नेऊन उभी करा, नसेल तर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कुणाकडे जुनी कार्डं पडलेली असतील तर चार मागून आणा.

तिला दाखवा की कार्डावर भोक असलं की सुई त्यात जाते, हुक जागेवर राहतो, वर जाणारी पट्टी त्याला धरून उचलते आणि त्याच्याबरोबर उभा धागा वर येतो. भोक नसलं की सुई मागे ढकलली जाते, हुक पट्टीवरनं सुटतो आणि धागा खालीच राहतो. भोक आहे किंवा नाही, धागा वर किंवा खाली, ह्यात तिसरं काही नाही. एक कार्ड म्हणजे कापडातली एक आडवी ओळ, आणि अशी कार्डं माळेसारखी ओवून एकामागोमाग फिरवली की चादरीवर मोर उमटतो. डिझाईनवाला तो मोर आधी ग्राफ पेपरवर चौकटी भरून काढतो ते पण तिला दाखवा, मोबाईलमधला फोटो हुबेहूब असाच चौकटींनी बनलेला असतो.

हा माग फ्रान्समधल्या लिऑन शहरात जोसेफ मारी जाकार्डने १८०४ च्या सुमाराला उभा केला, जेकार्ड हे त्याचंच आडनाव. त्याचं स्वतःचं चित्र पुढे रेशमात विणलं गेलं, त्याला सुमारे २४ हजार कार्डं लागली होती, आणि ते चित्र लंडनच्या चार्ल्स बॅबेजने मिळवून घरात ठेवलं होतं. ह्या बॅबेजने १८३० च्या दशकात आकडेमोडीचं एक यंत्र कागदावर आखलं, त्याला हुकूम द्यायला त्याने मागाचीच कार्डं घेतली. यंत्र पूर्ण कधी झालं नाही, पण एडा लव्हलेस नावाच्या बाईंनी १८४३ मध्ये त्यावर टिपणं लिहिली, त्यात त्या म्हणतात की माग जशी फुलंपानं विणतो तसं हे यंत्र बीजगणिताची नक्षी विणेल. मग १८९० मध्ये अमेरिकेची जनगणना हर्मन हॉलरिथच्या भोकाच्या कार्डांवर मोजली गेली, त्याची कंपनी पुढे ज्यात मिसळली तीच आयबीएम झाली, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं जगभरात कॉम्प्युटरला प्रोग्राम भोकं पाडलेल्या कार्डांवरच द्यायचे. तुमच्या मुलीला हे कळू दे की आपला बाप जे काम करतो त्या कामातून ही गोष्ट निघालीय.

पण एक फरक तिला नक्की विचारायला लावा, माग आणि कॉम्प्युटर एकच का नाहीत? माग कार्डं जशी ओवलीत तशीच घेत जातो, कापड बघून, अरे हे उत्तर असं आलं तर मागचं कार्ड परत घेऊ, असं त्याला करता येत नाही. बॅबेजच्या यंत्रात ते होतं, उत्तरावरून पुढचं कार्ड ठरवायची सोय. त्या एका गोष्टीमुळे यंत्र हिशोब सोडवायला लागतं. (पुढे एक खेळ दिलाय त्यात हे स्वच्छ दिसेल.)

आणि घरात तेलुगू आहे तर ते वापरा की, ही तर तुमच्याकडे जास्तीची दौलत आहे. वरच्या उत्तरात क चा नंबर २३२५ दिलाय, तेलुगू क चा ३०९३ आहे आणि कन्नड क चा ३२२१. एक्सेलमध्ये युनिचार नावाचं फंक्शन आहे, त्यात नंबर घातला की अक्षर दिसतं. तिला २३२५ पासून पुढचे नंबर एका रांगेत घालू द्या, शेजारच्या रांगेत प्रत्येकात ७६८ मिळवू द्या. एकीकडे क ख ग उतरत जाईल आणि दुसरीकडे तेलुगूतले क ख ग, कारण भारतीय लिप्या युनिकोडमध्ये एकाच क्रमाने मांडून ठेवल्यात. ८९६ मिळवले तर कन्नड. काही ठिकाणी चौकट रिकामी येईल, म्हणजे ते अक्षर त्या लिपीत नाही, त्या जागा तिने शोधून आजीला दाखवाव्यात.

प्रश्न: एका ऑफिसनं भंगारात काढलेला डेस्कटॉप स्वस्तात घेतलाय. मुलं १२ आणि १४ वर्षांची. खोलून दाखवायचा विचार आहे, धोका काय असतो? नुसतं खोलून काय शिकतील? (एक पालक, होटगी रोड)

धोका आहे पण ठराविक जागी आहे, तेवढ्या जागा टाळल्या की काळजी नाही. वायर काढून ठेवा, काढल्यावर पॉवरचं बटण पाचदहा सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेला करंट निघून जातो, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावूनच मग आत हात घाला. एसएमपीएसचा डबा, म्हणजे जिथे मागून वायर लागते तो, अजिबात खोलायचा नाही, त्यातले कपॅसिटर वायर काढल्यावर पण झटका देऊ शकतात. जुना डबडा मॉनिटर असेल, पाठीमागे फुगलेला, तर त्याच्या वाटेला जाऊच नका.

नुसतं खोलून, हा रॅम, हा प्रोसेसर असं बोट दाखवलं तर काही शिकणार नाहीत हे तुमचं बरोबर आहे. म्हणून काढा, चालू करा, काय होतं बघा, असं करायचं, आणि प्रत्येक वेळी भाग काढताना किंवा बसवताना वायर बाहेर. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा चपटा सेल असतो, सीआर२०३२, तो काढून थोडा वेळ थांबा आणि परत चालू करा, तारीख कुठल्यातरी जुन्या सालात गेलेली असेल. म्हणजे बंद असताना पण कुणीतरी वेळ मोजत बसलेलं होतं, कोण, आणि कशाच्या जोरावर, हे मुलांकडून काढून घ्या. मग रॅमच्या, म्हणजे चालू काम तात्पुरतं धरून ठेवणाऱ्या मेमरीच्या, पट्ट्या काढून चालू करा, स्क्रीनवर काहीच येणार नाही, बोर्डाला स्पीकर असेल तर बीप बीप वाजेल. हार्ड डिस्क काढली तर मात्र स्क्रीन येते आणि डिस्क सापडत नाही असं लिहून येतं. ह्या दोन्हीतला फरक मुलांना जाणवला पाहिजे, रॅमशिवाय मशीनला तक्रार सुद्धा नीट लिहून करता येत नाही. आणि रॅम वीज गेली की कोरी होते हे दाखवायला तर काहीच लागत नाही, नोटपॅडमध्ये दोन ओळी लिहा, सेव्ह न करता वायर ओढा. (हे ह्या भंगारातल्या मशीनवरच करा, घरच्या चांगल्यावर नको.)

मेलेली हार्ड डिस्क हाताशी असेल तर ती खोलण्यासारखी आहे, त्याला चांदणीच्या तोंडाचा स्क्रू ड्रायव्हर लागतो, टॉर्क्स म्हणून मागा. पण डेस्कटॉपची मोठीच घ्या, लॅपटॉपच्या लहान डिस्कमधल्या तबकड्या बऱ्याचदा काचेच्या असतात, फुटल्या तर बारीक चुरा उडतो. आतले चुंबक फार जोरात चिकटतात, दोन्हीच्या मधे बोट सापडलं तर रक्तच येईल, म्हणून ते तुम्ही स्वतः काढा. आरशासारखी तबकडी आणि तिच्यावरून फिरणारा बारीक हात बघितला की सेव्ह करणं म्हणजे कुठेतरी खरंच काहीतरी कोरलं जातं, चुंबकाने, हे डोळ्याला दिसतं.

प्रश्न: विजापूर रोड भागात आम्ही चार घरं मिळून रविवारी होमस्कूलिंगची मुलं एकत्र करतो, ९ ते १४ वयाची सातआठ मुलं. प्रोसेसर आत नक्की काय करतो हे सगळ्यांना एकत्र कळेल असं काही सांगा, प्रत्येकाकडे लॅपटॉप नाही. (पालकांचा गट)

लॅपटॉप नकोच ह्याला. सांगतो ते नाटक नेटाने करा, ह्या विषयात मला ह्याच्याएवढी कामाची दुसरी गोष्ट वाटत नाही.

काड्यापेटीच्या दहा रिकाम्या पेट्या घ्या आणि वर नंबर घाला, १ ते ७ आणि १०, ११, १२. दहाव्या पेटीत १७ लिहिलेली चिठ्ठी, अकराव्यात ५, बाराव्यात ०. आता पहिल्या पेटीतल्या चिठ्ठीवर लिहा, दहाव्यातला आकडा पाटीवर लिही. दुसऱ्यात, अकराव्यातला आकडा पाटीवरच्यातून वजा कर. तिसऱ्यात, पाटीवरचं शून्याच्या खाली गेलं असेल तर सातव्या पेटीकडे जा. चौथ्यात, पाटीवरचा आकडा दहाव्यात ठेव, जुना फेकून दे. पाचव्यात, बाराव्यातल्या आकड्यात एक मिळव. सहाव्यात, पहिल्या पेटीकडे जा. सातव्यात, बाराव्यातला आकडा मोठ्याने वाच आणि थांब.

एका मुलाला पेट्या सांभाळायला बसवा, तोच उघडेल तोच ठेवेल, दुसऱ्या कुणी पेटीला हात लावायचा नाही. एकाकडे पाटी, तो फक्त बेरीज वजाबाकी करेल. एकाकडे कागदावर फक्त पुढची पेटी कितवी तेवढा नंबर, आणि एकजण टाळी वाजवेल, प्रत्येक टाळीला एकच चिठ्ठी, घाई नाही. कुणीही स्वतःचं डोकं चालवायचं नाही हा सगळ्यात कडक नियम. पेट्या म्हणजे मेमरी, बाकीचे तिघं मिळून प्रोसेसर. १७ चे १२ होतील, मग ७, मग २, मग उणे ३ येईल आणि सातव्या चिठ्ठीवर जाऊन मूल ओरडेल, तीन! दहाव्या पेटीत २ उरलेले असतील. भागाकार झाला, भाग तीन बाकी दोन, आणि चारातल्या एकालाही आपण भागाकार करतोय हे सांगितलेलं नव्हतं.

आता खरी गंमत. तिसरी चिठ्ठी गुपचूप काढून घ्या आणि रिकामी पेटी दिसली की पुढे जा म्हणा, टाळ्या चालूच राहतील, आकडा उणे होत होत जाईल आणि थांबणार नाही. मोबाईल हँग होतो तो बऱ्याच वेळा असाच कुठेतरी गोल गोल फिरत बसलेला असतो, बंद पडलेला नसतो, उलट जीव तोडून काम करत असतो. मग चिठ्ठी परत ठेवा आणि अकराव्यात ५ च्या ऐवजी ० घाला. शून्याने भागता येत नाही हे पोरांनी गणितात नुसतं ऐकलेलं असतं, इथे १७ चे १७ च राहतात आणि हात दुखायला लागतात तेव्हा समजतं. मोठ्या पोरांना विचारा की पुढची पेटी लिहिणाऱ्याने चुकून १० लिहिलं तर काय, त्या पेटीत १७ आहे, हा आकडा की हुकूम? पेटीला त्यातला फरक कळत नाही. हुकूम आणि आकडे एकाच मेमरीत ठेवायची ही रचना १९४५ मध्ये जॉन फॉन नॉयमनच्या अहवालात मांडलेली आहे, आज तुमच्या खिशातला फोन पण त्याच कल्पनेवर चालतो.

शेवटी वेग सांगा. तुमच्या टाळ्या सेकंदाला एक, ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरमध्ये सेकंदाला ३०० कोटी. दोन टाळ्यांच्या मधे उजेड सुद्धा जेमतेम १० सेंटीमीटर जातो. चौदा वर्षांच्या पोराला हा हिशोब कागदावर करायला द्या, उजेड सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातो एवढं सांगितलं की बाकीचं तो काढेल.

वजाबाकी करणारं मूल आत कशाचं बनलेलं असतं असं कुणी विचारलं तर त्यांना जिन्यात घेऊन जा. जिन्याचा दिवा खालूनही आणि वरूनही लागतो विझतो, दोन्ही बटणं एकसारखी असली की बंद, वेगवेगळी असली की चालू (तुमच्याकडे वायरिंग उलटं असेल तर उलट). बायनरीत, म्हणजे शून्य-एकाच्या मोजणीत, एक आणि एक मिळवलं की एकंच्या जागी शून्य येतो, एक आणि शून्य मिळवलं की एक येतो, म्हणजे जिन्याचा दिवा बेरजेतला एकंचा अंक दाखवतोय. हातचा दाखवायला दोन बटणं एकामागे एक लावलेला दिवा पुरतो, दोन्ही दाबली तरच लागणारा. हे सेल, बारका एलईडी आणि दोन बटणं घेऊन टेबलावर करा, घरच्या लाइनला हात लावू नका. प्रोसेसरमध्ये बोटाच्या जागी ट्रान्झिस्टर असतो, तो विजेनेच दाबला जाणारा स्विच आहे, १९४७ मध्ये अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये सापडला. १९७१ च्या इंटेल ४००४ चिपमध्ये असे सुमारे २३०० होते, आजच्या चांगल्या फोनच्या चिपमध्ये हजार कोटींच्या वर असतात.

प्रश्न: घरात एकच स्मार्टफोन, कॉम्प्युटर नाही, घ्यायची ऐपत नाही. मग सोडून द्यायचं का? (अशोक चौक)

अजिबात सोडू नका, वरचं पेट्यांचं नाटक आणि लग्नपत्रिकांच्या तुकड्यांचा खेळ तुमच्याकडे आजच होतोय. आणि फोन हाच कॉम्प्युटर आहे, त्यात प्रोसेसर, रॅम, स्टोरेज सगळं आहे. स्क्रीनवर कोरा पांढरा रंग आणा आणि बोटाच्या टोकाने पाण्याचा अगदी मोहरीएवढा थेंब ठेवा, थेंबातून लाल हिरवे निळे ठिपके दिसतील. पांढरं काही नाहीच तिथे. लगेच पुसून घ्या. मग विमानाचं चिन्ह दाबून, वायफाय पण बंद ठेवून, मुलांना एकेक ॲप उघडायला लावा आणि आधी सांगू द्या की हे चालेल का नाही. कॅल्क्युलेटर चालेल, गॅलरी चालेल, यूट्यूब अडेल, व्हॉट्सॲपचे जुने मेसेज दिसतील पण नवा जाणार नाही. जे अडतं ते दुसऱ्या कुणाच्यातरी कॉम्प्युटरवर ठेवलेलं आहे. कुठलं आपल्या फोनमध्ये आणि कुठलं बाहेर, ह्याची यादी मुलांनी स्वतः वहीत करावी, क्लाउड म्हणजे काय हे वेगळं शिकवायला लागत नाही मग.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक, नातवाला घरी शिकवतो, वय १३. आता एआय सगळंच करून देतो म्हणतात, मग हे आतलं शिकून उपयोग काय? आणि परीक्षेत ह्याचे मार्क मिळतात का? (उत्तर कसबा)

गुरुजी, उपयोग उलट आत्ताच जास्त आहे. चॅटबॉट तरी काय करतो, आपण लिहिलेल्या वाक्याचे तुकडे करतो, प्रत्येक तुकड्याला नंबर असतो, त्या नंबरांवर प्रचंड गुणाकार आणि बेरजा करून पुढे कुठला तुकडा यायची शक्यता जास्त ते काढतो, आणि असं एकेक करत उत्तर लिहितो. ज्या पोराने स्वतः पेट्या उघडून भागाकार केलाय त्याला हे सांगितलं की तो लगेच विचारेल, मग हे खरं आहे का ते कोण तपासतं? हा प्रश्न त्याला पडावा म्हणूनच हे शिकवायचं. तुम्ही त्याला एक काम द्या, चॅटबॉटला सोलापूरबद्दल दहा प्रश्न विचारायला लावा, तुम्हाला स्वतःला पक्की माहीत असलेली उत्तरं असतील असेच प्रश्न, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेबद्दल, गिरण्यांबद्दल, आणि चुका त्याने लाल पेनने काढाव्यात. पेपर तपासायची तुमची सवय इथे कामाला येईल.

त्याला आपल्याकडचा इतिहास पण सांगा. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या लोकांनी स्वतः बांधलेला कॉम्प्युटर १९६० मध्ये चालू झाला, त्याला पुढे १९६२ मध्ये टिफ्रॅक नाव दिलं, आणि पुण्यात सी-डॅक ह्या सरकारी संस्थेने १९९१ मध्ये विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली परम ८००० हा महासंगणक केला. बाहेरून मशीन मिळायला अडचण होती तेव्हा आतलं समजणारी माणसं होती म्हणून हे झालं.

परीक्षेचं म्हणाल तर एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, दहावी द्यायला १४ वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे तुमच्याकडे अजून वेळ आहे. तिथे डेटा एन्ट्री ऑपरेशन्स नावाचा विषय घेता येतो, पण त्यात भर वर्ड एक्सेल वापरण्यावर आहे, बारावीला मात्र कॉम्प्युटर सायन्स आहे. दुसरा रस्ता १७ नंबरचा फॉर्म भरून राज्य मंडळाची दहावी बाहेरून द्यायचा, त्याच्या अटी आणि तारखा त्या वर्षीच्या मंडळाच्या साईटवरूनच घ्या, ऐकीव माहितीवर जाऊ नका. वर सांगितलेल्या खेळांना मार्क कुठेच नाहीत. तरी करा.

प्रश्न: मुलगी ७ वर्षांची आहे, एवढ्यात स्क्रीन द्यायची नाही असं ठरवलंय. तिला काही शिकवता येईल का? (एक आई, सम्राट चौक)

हो की, ह्या वयाला स्क्रीन लागतच नाही. एका हाताच्या बोटांवर करंगळीपासून १, २, ४, ८, १६ लिहा पेनने, उघड्या बोटांची बेरीज करायची, एका हातावर ३१ पर्यंत मोजता येतं आणि तिला ते फार आवडेल.

दुसरं, चौकटीच्या वहीत तुम्ही एक लहान चित्र काढा, चौकट भरलेली किंवा कोरी, घर नाहीतर पतंग. ते मावशीला दाखवायचं नाही. मावशीला फोन लावून द्या, मावशीकडे पण कोरी चौकटीची वही असू दे, चित्र तुम्ही मुलीच्या हातात द्या आणि तिने ते शब्दांनी वर्णन न करता फक्त आकड्यांनी सांगायचं, पहिल्या ओळीत तीन कोऱ्या दोन भरलेल्या तीन कोऱ्या, असं. मावशीने काढलेलं चित्र फोटो काढून पाठवायला सांगा आणि शेजारी ठेवून बघा, कुठे चुकलं, कुणाचं चुकलं, सांगणारीचं की काढणारीचं. मग प्रत्येक ओळीच्या शेवटी भरलेल्या चौकटी किती ते पण सांगायला लावा, म्हणजे मावशीला तिथल्या तिथे मोजून चूक पकडता येईल. आधी ८ बाय ८ चौकटी घ्या, ते बिनचूक जायला लागलं की १६ बाय १६ करा.